बदल पाठवणारे हजार, वाचणारा एक

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘एक्सप्रेस’ हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांवर एक विचित्र संकट कोसळलं. एक्सप्रेस म्हणजे वेबसाइटच्या मागची यंत्रणा जावास्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्यांचं रोजचं साधन. २०१० पासून ते वापरात आहे, जगभरच्या सर्व्हरवर बसलेलं आहे आणि ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, सुधारणा सुचवावी. त्या फेब्रुवारीत सुधारणांचा पूर आला. शेकडो लोकांनी एकच बदल सुचवला होता: प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलमध्ये आपलं स्वतःचं नाव. पाठवणारे बहुतांश भारतीय विद्यार्थी होते. एका लोकप्रिय यूट्यूब शिकवणीत ‘पुल रिक्वेस्ट’ कशी पाठवतात याचं प्रात्यक्षिक याच प्रकल्पावर करून दाखवलं होतं आणि बघणाऱ्यांनी ते जसंच्या तसं गिरवलं. किल्ल्यावर जाऊन दगडावर नाव कोरून येणारे पर्यटक असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथला प्रत्येक ओरखडा कुणाला तरी हाताने पुसावा लागत होता.

मुलांची टर भरपूर उडवली गेली, आणि तीत भारतीयांविषयीची जुनी तुच्छताही मिसळलेली होती. पण ही पोरं काही खोडसाळ नव्हती. शिकवणाऱ्याने बटण कुठे आहे ते दाखवलं. ते दाबल्यावर पलीकडे कोण उठून बसतं, हे सांगितलं नाही. ओपन सोर्सविषयी आपल्याकडे जे उत्साहाने बोललं जातं, त्यातून हा पलीकडचा माणूस नेहमीच गळतो.

बदल पाठवण्याची कृती तशी साधी आहे. मूळ कोडची आपली प्रत घ्यायची, तीत दुरुस्ती करायची आणि ‘हे तुमच्याकडे सामावून घ्या’ अशी विनंती करायची. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. जुन्या रिवाजाने ई-मेलमधून पाठवला तर तो पॅच. पलीकडचा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, तो वाचतो, शंका विचारतो, चाचण्या चालवतो आणि घेतो किंवा परत पाठवतो. एकदा घेतला, की त्या क्षणापासून तो बदल त्याच्या गळ्यात. पाठवणारा पुढच्या महिन्यात नोकरीला लागून गायब होऊ शकतो. चार वर्षांनी त्याच ओळीमुळे कुणाचा सर्व्हर बंद पडला, तर रात्री फोन मेंटेनरलाच येतो.

गेल्या वीस वर्षांत बदल पाठवणं जवळपास फुकट झालं. वाचायला मात्र आजही तेवढाच वेळ लागतो. या दोहोंतली वाढती दरी हेच आजच्या ओपन सोर्सचं खरं दुखणं आहे, आणि जिथे जिथे नुसत्या संख्येचं कौतुक होतं, तिथे ते दुखणं वाढतं.

एक्सप्रेसचा प्रसंग पहिलाही नव्हता. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवत आली आहे. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना होती. हेतू चांगला होता. २०२० च्या ऑक्टोबरात मात्र पहिल्याच दिवसापासून ‘हा प्रकल्प छान आहे’ अशा छापाची वाक्यं जोडणाऱ्या, शीर्षकात एखादं विशेषण घुसवणाऱ्या विनंत्यांनी मेंटेनर हैराण झाले. तीन दिवसांत कंपनीला नियम बदलावा लागला: जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील, तेवढ्यांवरच केलेलं काम मोजलं जाईल. एका टी-शर्टासाठी जगभरातल्या अनोळखी माणसांची सकाळ खर्ची घालता येते, हे त्या वर्षी सिद्ध झालं.

हा व्यवहार गांभीर्याने कसा चालतो हे पाहायचं तर लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, जावं. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेला हा कोड आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. एवढा पसारा सांभाळायला योग्य साधन हाताशी नव्हतं, म्हणून एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच ‘गिट’ लिहिलं. त्याआधी वापरात असलेल्या बिटकीपरची फुकट परवानगी काढून घेतली गेली, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्या गिटहबवर मुलं रोजच्या योगदानाचे हिरवे चौकोन जमवतात, त्याचा पाया हाच.

गंमत अशी, की कर्नलमध्ये बदल द्यायचा तर गिटहबचं ते बटण चालत नाही. तिथे अजूनही साध्या मजकुराची ई-मेल लागते आणि पॅच त्या मजकुरातच असावा लागतो. एका पॅचमध्ये एकच काम करायचं. बग दुरुस्त करताना जाता जाता शेजारच्या चार ओळींची मांडणी नीटनेटकी केलेली चालत नाही, कारण वाचणाऱ्याला मग कामाचं काय आणि शोभेचं काय हे वेगळं करत बसावं लागतं. पाठवण्याआधी ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट चालवायची. ती ओळीच्या शेवटी चुकून राहिलेल्या मोकळ्या जागेवरूनही कान पिळते. कोणत्या भागाचा मेंटेनर कोण, याची यादी कोडसोबतच असते. बदलासोबतच्या टिपणात आधी काय बिघडत होतं, का बिघडत होतं आणि हाच उपाय का निवडला, हे लिहायचं. अनुभवी लोक पुष्कळदा कोडपेक्षा या टिपणावर जास्त वेळ घालवतात. दहा वर्षांनी ती ओळ बदलू पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त मदत त्याचीच होणार असते.

टिपणाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सही असते: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी हमी. ती २००४ मध्ये आली. आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमला कोर्टात खेचलं होतं. युनिक्सचा आपला माल लिनक्समध्ये घुसवला, असा तिचा आरोप होता. कोणती ओळ कुणाच्या हातून आली याचा कागद हवा, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

पहिला पॅच बहुधा परत येतोच. मग दुसरी आवृत्ती, तिसरी, कधी सातवी. नवख्याला हा अपमान वाटतो. टोरवाल्ड्स अनेक वर्षं खरोखरच अपमान करत असत, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली आणि त्याच सुमारास कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. मेंटेनरांना साधुसंत ठरवायचं काही कारण नाही. कॉन कोलिवास या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाची हकिगत त्यासाठी पुरेशी आहे. हा डॉक्टर फावल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकला आणि घरगुती संगणक अडखळू नये म्हणून प्रोसेसरचा वेळ प्रोग्रॅमांना न्याय्य पद्धतीने कसा वाटावा, यावर कित्येक वर्षं कोड लिहीत राहिला. २००७ मध्ये कर्नलने न्याय्य वाटपाची कल्पना उचलली, पण कोड घेतला तो इंगो मोल्नार या जुन्याजाणत्या विकासकाने नव्याने लिहिलेला. मोल्नार यांनी कोलिवास यांना श्रेय दिलं. कोलिवास त्याच वर्षी कर्नल सोडून निघून गेले. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं, की कोड कोण पुढे सांभाळेल याचा भरवसा त्याच्या गुणवत्तेइतकाच मोलाचा असतो. ते म्हणणं व्यवहाराला धरून होतं. एका हौशी माणसाला कर्नलने गमावलं, हेही तितकंच खरं.

वाचणाऱ्याला उसंत मिळाली नाही की काय होतं, याची किंमत जगाने दोनदा ठसठशीत मोजली आहे. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा आपला संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या शेवटच्या रात्री एक नवी सोय घालण्यात आली. जर्मनीतल्या एका संशोधक विद्यार्थ्याने ती लिहिली होती. समोरून मागितलेली माहिती जितकी असायला हवी तितकीच आहे का, ही तपासणी तीत राहून गेली. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ती सुटली. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने ती चूक उघडकीला आली, तेव्हा सर्व्हरच्या स्मृतीतले पासवर्ड आणि किल्ल्या कुणालाही ओढून काढता येत होत्या. मग लोकांनी चौकशी केली, की हे सांभाळतं तरी कोण? पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस, आणि वर्षाला येणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर.

दुसरी गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे, कारण तीत चूक नव्हती, डाव होता. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारं छोटं साधन लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ नावाची कुणी व्यक्ती त्यांना मदत करू लागली. बदल चांगले असत, भाषा नम्र असे. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं अवतरली. त्यातलं एक ‘जिगर कुमार’. कामं रखडताहेत, दुसरा मेंटेनर नेमा, असा लकडा त्यांनी लावला. कॉलिन यांनी मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, हा पगाराविनाचा छंद आहे याची आठवणही करून दिली. अखेर जिया तानला अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत चाचणीच्या फाइलींच्या आड एक चोरदरवाजा दडवलेला होता. जगभरच्या सर्व्हरमध्ये दुरून शिरता यावं, अशी ती योजना.

ती उधळली आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक. आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांना खटकलं आणि ते खणत गेले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं उघड केलं. जिया तान कोण होता किंवा कोण होते, याचा पत्ता लागलेला नाही. पण त्याने शस्त्र कोणतं वापरलं ते स्पष्ट आहे: दमलेल्या माणसाला देऊ केलेली मदत.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. ‘कर्ल’ हे साधन १९९८ पासून सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच तक्रार केली, की सुरक्षेतले दोष दाखवल्याचा दावा करणारे, दिसायला अतिशय व्यवस्थित आणि आतून पोकळ असे यंत्रलिखित अहवाल त्यांच्याकडे येऊ लागले आहेत. बक्षिसाच्या आशेने कुणीतरी दोन मिनिटांत ते पाठवत असे आणि खोटं आहे हे सिद्ध करायला जाणकाराचा अर्धा दिवस जात असे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेंटू आणि मेमध्ये नेटबीएसडी या प्रकल्पांनी यंत्राकडून लिहून घेतलेल्या कोडला दार बंद केलं. ही बंदी टिकेल का, शंका आहे. चांगला कोड यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणार कसं? त्यांची भीती मात्र रास्त आहे. नाव घालण्याचा पूर निदान एका नजरेत ओळखता तरी येत होता.

या सगळ्यात भारतीय विद्यार्थी कुठे बसतो? संख्येने तो पुढे आहे. गूगलच्या २००५ पासून चालणाऱ्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात निवड होणाऱ्यांत भारतीयांचा आकडा अनेक वर्षं सर्वांत मोठा राहिला आहे आणि त्यातले कित्येक पुढे त्या प्रकल्पांचे आधारस्तंभ झाले. पण त्या यशामागे धावणाऱ्यांना कुणी वाचायला शिकवत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोग्रॅम कोऱ्या पानापासून लिहायचा असतो, व्हायव्हा देऊन विसरायचा असतो. दुसऱ्याने लिहिलेला पन्नास हजार ओळींचा कोड उघडून त्यात एक बिघाड शोधणं अभ्यासक्रमात क्वचितच येतं, आणि नोकरीत तर पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं. मग मुलाखतीपुरतं काहीतरी दाखवायला प्रोफाइलवर हिरवे चौकोन उमटवले जातात.

खऱ्या योगदानाचं प्रशस्तिपत्रक कसं येतं, याचं एक उदाहरण मजेदार आहे. एप्रिल २०२१ मध्ये ‘इन्जेन्युइटी’ हे छोटं हेलिकॉप्टर मंगळावर उडालं. त्यात वापरलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कधी ना कधी हातभार लावलेल्या जवळपास बारा हजार लोकांच्या प्रोफाइलवर गिटहबने खास बिल्ला लावला. अनेकांना आपला कोड मंगळावर पोचल्याचं तेव्हाच कळलं.

मराठी विद्यार्थ्याला एवढं लांब जायची गरज नाही. त्याच्या भाषेतलं काम दारातच पडून आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक छापताना र वर चढवायचा की पुढच्या अक्षराला आडवा जोडायचा, यावर अवलंबून असतो. संगणकात हा आडवा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. एकीत ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोधायला गेलं तर एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसरीने सापडत नाही. ‘ॲ’चं तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी ते अ वर चंद्र देऊन जुळवत, आणि त्या जुन्या जुळणीचा मजकूर अजून फिरतो आहे. मराठी वर्णक्रमात ळ येतो ह नंतर, हिंदीच्या वळणाने लावलेल्या यादीत तो ल पाठोपाठ जाऊन बसतो. मराठी ल आणि श यांची वळणं वेगळी, पण फॉन्टमध्ये ती असूनही सॉफ्टवेअरने भाषा नीट ओळखली नाही तर हिंदीची वळणं उमटतात.

हे दोष दुरुस्त करण्याच्या जागा खुल्या आहेत. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत अक्षरं जोडण्याचं काम ‘हार्फबझ’ हे एकच ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतं. वर्णक्रम, महिन्यांची नावं, लाख-कोटींचे स्वल्पविराम ही माहिती युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या खुल्या भांडारातून जगभरच्या फोनमध्ये जाते. ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं जपला; मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हाही खुल्या परवान्याचाच. कॅलिफोर्नियातल्या कितीही हुशार अभियंत्याला दर्या आणि दऱ्या यांतली गफलत दिसणार नाही. तिथे मराठी वाचणारं माणूसच लागतं. कोणत्या आवृत्तीत, कोणता शब्द, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं नेमकं लिहून, सोबत चाचणीचे चार नमुने शब्द दिले, तर एकही ओळ कोड न लिहिता ते मोलाचं योगदान ठरतं. कोड त्यानंतर.

महाविद्यालयांनी म्हणूनच पुल रिक्वेस्टची संख्या मोजून गुण देणं थांबवावं. एखाद्या प्रकल्पात आधीच नोंदलेला बिघाड आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवणं, त्याचं कारण कुठल्या ओळीत आहे ते शोधणं, वर्गातल्या दुसऱ्याचा बदल वाचून त्यातली चूक दाखवणं, याला गुण द्यावेत. सरावासाठी कॉलेजचाच एक प्रकल्प असावा. तिथे हवी तितकी नावं घालावीत, मोडतोड करावी. अनोळखी माणसाच्या दारावर जाण्याआधी ते सगळं होऊन जाऊ दे.

जबाबदारीचा मोठा वाटा मात्र विद्यार्थ्यांचा नाहीच. कर्नलमधले बहुतांश बदल आता पगारी लोक करतात. इंटेल, रेड हॅट, गूगल, हुआवे ही नावं त्या यादीत सतत वर असतात. पुण्या-मुंबईत हजारोंनी अभियंते बाळगणाऱ्या आपल्या मोठ्या सेवा कंपन्या तिथे शोधाव्या लागतात, आणि त्यांच्या ग्राहकांची कामं मात्र याच फुकटच्या कोडवर उभी असतात. अपवाद आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय चालवण्याचं सगळं सॉफ्टवेअरच खुलं ठेवलं. बंगळुरूच्या झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पैसा हवाच, पण पैशाने जिया तानचा पॅच वाचून होत नाही. आपल्या कंपनीचं काम ज्या प्रकल्पांवर चालतं, त्यांतले दोन-तीन निवडून एखाद्या अनुभवी अभियंत्याला आठवड्यातला एक दिवस फक्त इतरांचे बदल तपासण्यासाठी मोकळा द्यावा, आणि वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात तो दिवस ग्राहकाच्या कामाइतकाच मोजावा.